गोवराची पहिली खूण

मोठ्या माणसाला दुखणे आले, म्हणजे ते आपले दुखणे बोलून दाखवू शकते. तान्ह्या मुलाचे तसे नसते. ते केवळ रडते. म्हणून मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना डोळे, कान आणि हात यांच्या साहाय्यानेच रोग ओळखावा लागतो. रोग ओळखण्याच्या या विद्येस रोगनिदान म्हणतात. ती किती सूक्ष्म निरीक्षणावर उभी आहे, हे गोवराच्या उदाहरणावरून चांगले समजते.

ताप येऊन अंगावर पुरळ उठते, असे रोग अनेक आहेत. पूर्वी त्यांतील भेद लोकांना नीट उमगत नसे. सुमारे ११०० वर्षांपूर्वी इराणातील अल्‌-राझी या थोर वैद्याने देवी आणि गोवर यांची लक्षणे ग्रंथरूपाने वेगवेगळी मांडली. देवीचे फोड चेहऱ्यावर व हातापायांवर अधिक येत, आणि ते सारे बरोबरीने पिकत. हा भयंकर रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड टप्प्याटप्प्याने येतात. त्यामुळे एकाच जागी ताजा फोड आणि वाळलेली खपली अशी दोन्ही दिसतात. गोवराचे तांबूस पुरळ मात्र कानांच्या मागे व कपाळावर प्रथम उमटते आणि चेहऱ्यावरून खाली पायांपर्यंत पसरत जाते.

परंतु खरी अडचण पुरळ उठण्यापूर्वीची असते. पहिले तीन-चार दिवस मुलाला ताप येतो, खोकला येतो, नाक वाहते आणि डोळे लाल होतात. हे साधे पडसेच आहे, असे घरच्यांना वाटते. पुरळ उठण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासूनच त्या मुलापासून इतरांना गोवर होऊ शकतो. म्हणजे रोगाचे नाव कळेपर्यंत तो भावंडांत आणि सोबत्यांत शिरलेला असतो!

ही अडचण दूर करणारी खूण न्यूयॉर्क शहरातील डॉक्टर हेन्री कॉप्लिक यांनी जगापुढे मांडली. दाटीवाटीच्या गरीब वस्तीतील दवाखान्यात ते मुलांना तपासत असत. मुलाचे तोंड उघडून गालाची आतील बाजू ते दिवसाच्या भरपूर उजेडात न्याहाळीत. तेथे दाढांसमोर त्यांना लालभडक ठिपके दिसत आणि प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी निळसर पांढरा कण असे. हे ठिपके पुरळाच्या एक-दोन दिवस आधी दिसतात आणि ते गोवराचेच लक्षण होत, असे त्यांनी १८९६ साली लिहून प्रसिद्ध केले. डेन्मार्क आणि रशिया येथील डॉक्टरांनीही त्यापूर्वी असे ठिपके पाहिले होते. पण त्यांचे महत्त्व कॉप्लिक यांनी सर्वांना पटवून दिले. आजही त्या खुणेस ‘कॉप्लिकचे ठिपके’ म्हणतात. ते दिसताच आजारी मुलाला इतर मुलांपासून दूर ठेवता येऊ लागले.

पुढे १९५४ साली अमेरिकेत गोवराचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करण्यात आला आणि १९६३ साली तेथे लस वापरात आली. भारतात बालकांना ही लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास देतात. तरीही २०२२ साली मुंबईत गोवराची साथ पसरली आणि काही बालके दगावली. लस न घेतलेल्या मुलांना या रोगाचा धोका फार मोठा असतो.

गोवर आला की औषध देऊ नये, अशी समजूत अजूनही काही घरांत आढळते. ती घातक आहे. गोवरानंतर फुफ्फुसांचा दाह होऊन मूल दगावू शकते. श्वास फार जलद चालणे, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, मूल काहीच न पिणे, झटके येणे किंवा मूल गुंगीत पडून राहणे, यांपैकी एकही लक्षण दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

मुलांनो, धाकटी भावंडे दिवसभर तुमच्या अंगाखांद्यावर असतात. त्यांच्यात पडलेला फरक कित्येकदा तुमच्याच नजरेस प्रथम येतो. रोगाचे नाव ठरविणे डॉक्टरांचे काम आहे. पण पाहिलेली गोष्ट वेळीच आणि अचूक सांगणे, हे तुम्हालाही साधण्यासारखे आहे.

अभ्यास

१. लहान मुलांचे रोगनिदान कठीण का असते?
२. कांजिण्या आणि गोवर यांतील फरक सांगा.
३. कॉप्लिकच्या ठिपक्यांचा उपयोग कोणता झाला?
४. वाक्यात उपयोग करा : न्याहाळणे, उमगणे, दगावणे.