धारेसाठी नैसर्गिक दगडाची निवड

कापणीच्या दिवसांत विळ्याची धार गेली म्हणजे काम मंदावते, एवढेच नुकसान होत नाही. बोथट विळ्याने धाट कापले जात नाही, ते ओढले जाते. त्यामुळे पिकलेले दाणे झडतात, मुळासकट ताटे उपटून येतात आणि जोर लावावा लागल्यामुळे विळा निसटून बोटावर येण्याचा संभव वाढतो. बाजारात मिळणारा कृत्रिम निसणा उत्तम असतो, यात शंका नाही. १८९३ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन याने सिलिकॉन कार्बाइडचे पेटंट घेतले, तेव्हापासून असे दगड कारखान्यांत होऊ लागले. परंतु तो फुटला किंवा हरवला म्हणजे ऐन सुगीत तालुक्याच्या गावी जाण्यास सवड नसते. अशा वेळी ओढ्यानदीच्या पात्रातील योग्य दगड ओळखता आला तर काम अडत नाही.

धार लावणे म्हणजे पोलाद झिजविणे होय. त्यासाठी दगडातील कण पोलादाहून कठीण असावे लागतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोज यांच्या श्रेणीत चुनखडीतील कॅल्साइट ३, पाणी दिलेले पोलाद सुमारे ६, गारेचे खनिज क्वार्ट्झ ७ आणि कुरुंद ९ या पायरीवर आहे. तथापि केवळ कठीणपणा पुरत नाही. कण बारीक व सारखे असावेत, आणि झिजलेला कण गळून त्याखालील नवा तीक्ष्ण कण वर यावा, ही दुसरी अट तितकीच महत्त्वाची आहे. पुष्कळ दगड पहिल्या अटीस उतरतात आणि दुसरीत नापास होतात.

महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. त्यातील खनिजांचा कठीणपणा जेमतेम पोलादाइतका असून कण एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. ते सहसा गळत नाहीत. म्हणून हा दगड थोड्या वापरानंतर गुळगुळीत होतो व पाते त्यावरून नुसते घसरते. घरच्या जात्याला अधूनमधून टाकी का लावावी लागते, याचे कारणही हेच. तरीही गावच्या लोहाराने केलेल्या, फार कडक पाणी न दिलेल्या विळ्याखुरप्याला शेवटचा हात देण्यास बारीक कणांचा, छिद्रे नसलेला काळा दगड चालतो. ज्यात पोकळ्या किंवा पांढरे खडे आहेत असा दगड मात्र घेऊ नये. पात्याची कड त्यात अडकून तिचे टवके उडतात. याच प्रदेशातील नद्यांत अकीक व गारगोट्या सापडतात. त्या कठीण असल्या तरी काचेसारख्या गुळगुळीत असल्याने कोयता त्यांवर फार सावकाश झिजतो. कोकणातील जांभा तर या कामाला सर्वस्वी निरुपयोगी आहे.

खरा उपयोगी दगड म्हणजे वालुकाश्म. चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत तो विपुल आहे, आणि सिंधुदुर्ग व कोल्हापूरच्या काही भागांतही वालुकाश्म व क्वार्ट्झाइट आढळतात. तेथील शेतकऱ्यांनी खरोखर निसणा विकत घेण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. त्यातही हाताने चोळले असता वाळू सुटते तो दगड अति ठिसूळ, आणि फोडल्यावर चकाकते तो अति घट्ट समजावा. या दोहोंमधला निवडावा.

दगड शोधण्यास पावसाळा संपल्यानंतरचा काळ सोयीचा. पुराने नवे गोटे उघडे पडलेले असतात आणि प्रवाहात ठिसूळ दगड आधीच फुटून गेलेले असतात. वीतभर लांब, चपटा व भेग नसलेला गोटा घ्यावा. प्रथम चाकूच्या टोकाने त्यावर रेघ ओढावी. दगडावर चर पडला तर तो मऊ आहे. धातूची करडी रेघ उमटली तर पुढे परीक्षा करावी. लिंबाचा रस टाकल्यावर बुडबुडे आले तर दगडात चुन्याचा अंश आहे, तो टाकून द्यावा. मग दगड ओला करून जुने पाते त्यावर पन्नास वेळा घासावे आणि पात्यावर नवे, चकचकीत, सारखे ओरखडे दिसतात की नाही ते पाहावे. केवळ पाणी काळे झाले यावर विसंबू नये, कारण काळ्या दगडाचा स्वतःचा गाळही तसाच दिसतो.

निवडलेला गोटा सपाट करण्यासाठी मोठ्या फरशीवर ओली वाळू पसरून त्यावर तो गोलाकार घासावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करावयाचे असते. घासणे व धार लावणे ही दोन्ही कामे ओल्यानेच करावीत. वालुकाश्माची कोरडी धूळ सतत श्वासात गेल्यास फुप्फुसाचा सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो.

आणखी एक सूचना करणे भाग आहे. कित्येक गावांत जुन्या देवळाच्या पायऱ्यांवर किंवा वीरगळांवर हत्यारे पाजवून पडलेले चर दिसतात. संरक्षित स्मारकाची अशी हानी करणे १९५८ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि स्मारक संरक्षित नसले तरी ओढ्यात दगड असताना पूर्वजांचे शिल्प झिजविण्याचे प्रयोजन नाही.

पाते दगडावर साधारण २० अंशांच्या कोनात धरून मुठीकडून टोकाकडे एकसारखे न्यावे. गोलाकार विळ्यासाठी पाते स्थिर धरून लहान लांबट गोटाच आतील कडेवरून फिरविणे सोपे जाते. मात्र बोटे कडेच्या मागे ठेवावीत. दातेरी विळ्याला हा दगड लावू नये, त्याचे दाते सपाट होऊन विळा वाया जातो. वापरून गुळगुळीत झालेला गोटा पुन्हा ओल्या वाळूवर घासला की कामास येतो.