निरामयचे पैसे येईपर्यंत

चि. मृणाल,



निरामय आरोग्य विमा योजनेचा क्लेम विमा कंपनीकडे अडकलाय, म्हणून अर्णवची स्पीच थेरपी आठवड्यातून एकदाच करावी का, असं विचारतेस. करू नकोस. पैसे उशिरा का होईना येतील; त्याची बसलेली घडी मोडली तर पुन्हा बसवायला फार दमावं लागेल. थेरपिस्टबाईंशी मोकळं बोल. फी थोडी मागेपुढे चालेल का, काही सराव घरी करून घेता येईल का, विचार. मात्र त्यांचे पैसे महिनोन् महिने थकवू नकोस. त्यांनाही जागेचं भाडं भरावं लागतं.

आता क्लेमचं. माझी सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत क्लेमच्या टेबलावर गेली, म्हणून आतलं सांगते. फायली सहसा कुणी मुद्दाम दाबत नाही. एखादा कागद कमी असतो आणि तो कमी आहे हे कळवायचा कंटाळा केला जातो. (त्या कंटाळ्याची शिक्षा मात्र आईबापांना!) तेव्हा डॉक्टरांची थेरपीची चिठ्ठी, प्रत्येक बिलावर तारीख, सही, शिक्का, निरामय कार्डाचा नंबर, बँक खात्यावरचं नाव हे एकदा ताडून बघ. मूळ बिलं देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवत जा. आणि एक लाखाचं संरक्षण म्हणजे थेरपीला एक लाख नव्हे. तिची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी आहे. घरखर्च त्या हिशेबानेच मांड. विम्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, नूतनीकरण विसरू नकोस.

फोनवर ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर घेऊ नकोस, ईमेलच कर. तरी हालचाल नसेल तर निरामय ज्यांची योजना आहे त्या राष्ट्रीय न्यासाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाक. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तीनच गोष्टी विचार: क्लेम कधी पोचला, सध्या कुठे आहे, कोणता कागद कमी आहे. ‘पैसे का देत नाही’ असं विचारलंस तर गोलगोल उत्तर येईल.

अर्जात विनवणीचा सूर नको. अर्णवसारख्या स्वमग्न मुलांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ही योजना कुणाची मेहेरबानी नाही.

रविवारी सगळी फाईल घेऊन इकडेच ये. अर्ज आपण बसून लिहू.

तुझी,
माई आत्या