एक डास आणि चार इंजिने

विमानाचे इंजिन एका डासाने बंद पाडले, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल काय? १९११ साली रशियन साम्राज्यात असे घडले. ईगॉर सिकोर्स्की हा बावीस वर्षांचा तरुण स्वतः बांधलेले विमान उडवीत असता इंजिन एकाएकी थांबले. उतरायला मोकळी जागा नव्हती. विमान मोडले, सिकोर्स्की बचावला. तपासात कार्बुरेटरच्या बारीक छिद्रात अडकलेला डास सापडला!

सिकोर्स्कीचा जन्म १८८९ साली कीव शहरात झाला. लिओनार्दो दा व्हिंचीच्या उडत्या यंत्रांची माहिती त्याला लहानपणीच आईकडून मिळाली होती. १९०९ मध्ये त्याने पॅरिसहून २५ अश्वशक्तीचे इंजिन आणून हेलिकॉप्टर बांधले. ते जमीन सोडीना. पुढच्या वर्षीचे दुसरे यंत्र स्वतःपुरते उचलले गेले, चालकासह नाही. कल्पना बरोबर होती, पण वजनाच्या मानाने इंजिनाची शक्ती अपुरी होती. म्हणून तो विमानांकडे वळला, आणि तेथे हा डास आडवा आला.

एका इंजिनावर विसंबायचे नाही, असे त्याने ठरविले. परंतु जाणकारांची शंका अशी, की एका बाजूचे इंजिन बंद पडले तर विमान गरकन वळेल. ही शंका पोकळ नव्हती. बैलगाडीचा एक बैल अडला की गाडी त्याच बाजूला वळते, हे तुम्ही पाहिले असेल.

आता थोडे गणित करू. बलाचा वळविण्याचा परिणाम, म्हणजे परिबल, हे बल आणि अंतर यांच्या गुणाकाराइतके असते. समजा, चालू इंजिनाची जास्तीची ओढ विमानाच्या मध्यरेषेपासून २ मीटरवर आहे, आणि शेपटीचे सुकाणू वजनाच्या मध्यापासून १० मीटर मागे आहे. मग सुकाणूवर त्या ओढीच्या एकपंचमांश बल मिळाले तरी विमान सरळ राहील. इंजिने मध्याजवळ, सुकाणू दूर! कागदावर हे सोपे दिसते, पण स्वतः विमानात बसून ते पडताळायला धैर्य हवे.

१९१३ च्या मे महिन्यात त्याचे चार इंजिनांचे विमान उडाले. प्रत्येक इंजिन १०० अश्वशक्तीचे. उडताना इंजिन मुद्दाम बंद करूनही ते सरळ चालले. त्याच वर्षी आठ माणसांना घेऊन ते १ तास ५४ मिनिटे हवेत राहिले. त्याचा शेवट मात्र विचित्र झाला. ते जमिनीवर उभे असता वरून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाचे इंजिन निखळून त्याच्यावर पडले.

१९१४ मध्ये पुढच्या, अधिक मोठ्या विमानातून सिकोर्स्की सेंट पीटर्सबर्गहून कीवला निघाला. वाटेत इंधनाची नळी फुटून एका इंजिनाने पेट घेतला. दोघे सहकारी उडत्या विमानाच्या पंखावर उतरले आणि त्यांनी आपल्या कोटांनी आग विझविली. विमान उतरवून दुरुस्त करण्यात आले व कीवला पोहोचले.

१९१९ मध्ये तो अमेरिकेत गेला. तेथे १९३९ साली त्याचे हेलिकॉप्टर चालकासह जमिनीवरून उचलले गेले. त्याला इंजिन मात्र एकच होते, ७५ अश्वशक्तीचे.