घटपर्णी : पावसाळ्यानंतर हवेतील ओलावा कसा टिकवावा

घटपर्णीचा घट हे फूल नसून पानाचाच भाग असतो. पानाच्या टोकातून एक तंतू निघतो, त्याच्या शेंड्यावर बारीक गाठ येते आणि तीच फुगत जाऊन घट तयार होतो. ही गाठ फार कोवळी असल्याने हवा कोरडी पडताच सर्वांत आधी तीच सुकते. जून ते सप्टेंबर घटांनी लगडलेली कुंडी ऑक्टोबर हीटमध्ये नुसती पाने काढू लागते ती यामुळेच. खत कमी पडले किंवा किडे मिळाले नाहीत असे समजून या वेळी कुंडीत खत घातले जाते. हा उपाय घातक आहे. कीटकभक्षी वनस्पतींची मुळे निकस मातीला सरावलेली असतात. क्षारांनी ती जळतात आणि घट तर येत नाहीतच.

ओलावा दिवसभर सारखा राहत नाही. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. तापमान सुमारे ११ अंशांनी वाढले तर ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणून पहाटे २० अंश तापमानाला ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा, तेवढेच बाष्प धरून, दुपारी ३१ अंशांवर जेमतेम ४२ टक्क्यांवर येते. पहाटेचा आकडा पाहून निश्चिंत राहणे चुकीचे ठरते. नोंद दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, झाडाच्या उंचीवर आणि सावलीत घ्यावी.

त्यासाठी साधा डिजिटल आर्द्रतामापक पुरतो, पण स्वस्त मापक बरेचदा चुकीचा आकडा दाखवतात. पडताळणी घरच्या घरी होते. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते ओलसर लगदा होईल इतकेच पाणी घालावे. हे टोपण आणि मापक हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवून डबा रात्रभर तसाच राहू द्यावा. नेहमीच्या तापमानाला त्यातील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ६८ दाखवत असेल तर पुढील नोंदींत ७ मिळवावेत.

रोपवाटिकांत ‘व्हेंट्राटा’ हा संकर सर्रास मिळतो. तो बराच सोशिक आहे. दुपारी ५० टक्के ओलावा मिळाला तरी तो घट धरतो. ६० ते ७० टक्के मिळाल्यास उत्तम. चोवीस तास ९० टक्के ओलावा राखण्याचा अट्टाहास मात्र करू नये. हवा खेळती नसेल तर अशा ओलाव्यात करडी बुरशी येते आणि खोड कुजते. कोकण, गोवा आणि मुंबईत पावसाळ्यात खरी चिंता याच गोष्टीची असते. तेथे ओलावा वाढवण्यापेक्षा कुंड्यांमध्ये अंतर ठेवणे महत्त्वाचे. वातानुकूलित खोली मात्र या भागातही कोरडीच असते, कारण यंत्राच्या थंड नळ्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते बाहेर वाहून जाते.

पुणे, नाशिक, मराठवाडा आणि विदर्भात हिवाळ्याच्या दुपारीही हवा कोरडी असते. मार्च ते मे हा काळ सर्वांत कठीण. पानांवर दिवसातून दोनदा फवारा मारणे हा लोकप्रिय उपाय जवळजवळ निरुपयोगी आहे. पाणी काही मिनिटांत उडते, ओलावा पूर्वपदावर येतो आणि पाणी जड असल्यास पानांवर क्षारांचे पांढरे डाग राहतात. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीचा परिणामही उघड्या बाल्कनीत नगण्यच. वाऱ्याला आडोसा केल्याशिवाय कोणताही ओलावा टिकत नाही, म्हणून सुरुवात आडोशाने करावी. कुंड्या एकत्र आणून तीन बाजूंनी प्लास्टिक कापड किंवा शेडनेट लावावे, वरची बाजू थोडी उघडी ठेवावी आणि उन्हाच्या बाजूला ओले गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा सोडावा. विदर्भातील घरात वाळ्याचा कुलर हा सर्वांत सोयीचा सोबती, कारण तो हवा गारही करतो आणि ओलीही. झोत थेट झाडावर येऊ देऊ नये. कुलरच्या टाकीतील पाणीही कुंडीत घालू नये. पाणी उडत जाते तसे त्यातील क्षार वाढत जातात.

लहान रोपांसाठी काचेची टाकी चालते, पण बंद टाकी थेट उन्हात ठेवल्यास आतले तापमान झपाट्याने वाढून रोप शिजते. टाकी उजेडात, परंतु उन्हाबाहेर असावी आणि झाकणाला फट ठेवावी.

ओलावा दुरुस्त करताना उजेड आणि पाणी विसरून चालत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात ७० टक्के ओलावा असूनही घट येत नाहीत. सकाळचे कोवळे ऊन किंवा ५० टक्के शेडनेटखालचा प्रकाश हवा. पाणी पावसाचे किंवा आरओचे द्यावे. टीडीएस ५० पीपीएमच्या आत असावा. घरगुती आरओत चवीसाठी क्षार मिसळले जातात, त्यामुळे मोजून पाहावे. पावसाचे पाणी साठवलेले पिंप घट्ट झाकावे, नाहीतर त्यात डासांची पैदास होते.

सर्व कीटकभक्षींना एकच नियम लावू नये. अमेरिकेच्या कॅरोलिना भागातील व्हीनस फ्लायट्रॅपला ओलसर हवेपेक्षा कडक ऊन आणि सतत ओली माती लागते. कासच्या पठारावरची दवबिंदू आणि सीतेची आसवं पावसाळ्यातच वाढून बी धरतात. ती उपटून घरी आणू नयेत. मेघालयातील खासी घटपर्णी कायद्याने संरक्षित आहे. कोणतेही रोप अधिकृत रोपवाटिकेत वाढवलेलेच घ्यावे.

रोपवाटिकेच्या ओल्या हवेतून आलेले रोप एकदम कोरड्यात ठेवू नये. त्यावर पारदर्शक पिशवी घालून दोन-तीन आठवड्यांत ती हळूहळू उघडत न्यावी. प्रवासात घटांतले पाणी सांडले असेल तर चौथा हिस्सा भरेल इतके शुद्ध पाणी घालावे.

सुकलेली गाठ पुन्हा फुगत नाही, त्यामुळे केलेल्या बदलाचा परिणाम जुन्या पानांवर शोधू नये. त्यानंतर उमलणाऱ्या दोन-तीन पानांचे तंतू पाहावेत. गाठ हिरवी राहून वर वळू लागली की व्यवस्था बरोबर आहे असे समजावे आणि ती पुढचा पाऊस येईपर्यंत तशीच राखावी.