वाटीतले वरण आणि रविवारचा रस्सा

प्रोटीन मांस-अंड्यांतून घ्यावे की डाळी-कडधान्यांतून, हा प्रश्न बडोद्याच्या मराठी घरांत बहुतेक वेळा कोणीतरी काहीतरी सोडतो तेव्हा उभा राहतो. अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग इथे आलेल्या कुटुंबांत रविवारी मटण शिजलेच पाहिजे असे मानणारी मराठा घरे होती, मासळीवर जीव असलेली कायस्थ प्रभू घरे होती आणि वरणभातावर वाढलेली ब्राह्मण घरेही होती. भोवतालचा मुलूख मात्र शाकाहाराकडे झुकलेला. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणीच्या २०१४ च्या पाहणीत गुजरातेत सुमारे ६१ टक्के लोक शाकाहारी आढळले. महाराष्ट्रात हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर वडोदरा महापालिकेकडून रस्त्यावरच्या लारीवाल्यांना अंडी आणि मांस झाकून ठेवण्याची सूचना झाली. अशा गावात पन्नाशीनंतर मटण सोडणारा माणूस दर चार घरांत एक तरी सापडतो. कोणी माळ घालतो, कोणाची सून पक्क्या शाकाहारी घरातली असते, कोणाला डॉक्टरांनी सांगितलेले असते. सोडण्याचे कौतुक होते. जागा कशाने भरायची, हे विचारायचे राहून जाते.

प्रोटीन म्हणजे अमायनो आम्लांची साखळी. पचनात ती तुटते आणि सुट्या कड्यांतून शरीर स्नायू, रक्त, त्वचा, विकरे अशी स्वतःची प्रथिने बांधते. यांतली नऊ आम्ले प्रौढ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. अंडी, दूध, मासे, मांस यांत ही नऊही गरजेच्या प्रमाणात असतात. गहू-तांदळात लायसिन कमी पडते, तर डाळी-कडधान्यांत मेथिओनिन. डाळीत लायसिन भरपूर असल्यामुळे वरणभात, खिचडी, पोळी-उसळ या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. दोन्ही एकाच घासात यायला हवेत असेही नाही, दिवसभरात आले तरी पुरते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते धान्य तीन भाग आणि डाळ एक भाग हे प्रमाण चांगले. बडोद्याची सेव-उसळ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वाळलेला वाटाणा, वर बेसनाची शेव, सोबत गव्हाचा पाव. एका ताटलीत पन्नास ग्रॅम वाटाणा गेला असेल तर दहा ग्रॅम प्रोटीन त्यातूनच मिळते. तेलाच्या तर्रीचा हिशेब अर्थात वेगळा.

गुणवत्तेत फरक आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. अंडे-दुधातले प्रोटीन जवळजवळ सगळे पचते, डाळीतले त्याहून काहीसे कमी. डाळीचा घास थोडा वाढवला की ही तूट निघते. खरी अडचण वाटीत असते.

२०२० च्या भारतीय शिफारशींनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते. ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. आहार मुख्यतः धान्याचा असेल तर किलोला एक ग्रॅम धरणे बरे. आता चार माणसांच्या आमटीची तूरडाळ तागडीत घालून पाहावी. बहुतेक घरांत दोन मुठी, म्हणजे ऐंशी ग्रॅमच्या आसपास भरते. तीत प्रोटीन साधारण अठरा ग्रॅम. चौघांत वाटले की प्रत्येकाच्या वाटीत साडेचार ग्रॅम येते. शेजारच्या गुजराती घरातली गोड दाळ त्याहून पातळ असते, आणि इथल्या मराठी घरांनीही तो पातळपणा केव्हाच उचलला आहे. दिवसाच्या सहा पोळ्यांतून अठरा ग्रॅम, भातातून चार, दोन वेळच्या आमटीतून नऊ, चहा आणि दुधातून सहा-सात, वाटीभर दह्यातून तीन. बेरीज चाळिशीच्या आसपास थांबते. ताक तर फसवेच: पेलाभर ताकात दही दोन-तीन चमचे असेल, तर प्रोटीन दीड ग्रॅमच्या वर जात नाही.

ही दहा-पंधरा ग्रॅमची तूट भरायला मांसच हवे असे नाही. तीस ग्रॅम मटकीची उसळ सात ग्रॅम देते, मूठभर शेंगदाणे पाच. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नासच्या आसपास प्रोटीन असते, म्हणून वीस ग्रॅम वड्या भाजीत टाकल्या तरी दहा ग्रॅम होतात. एका अंड्यातून सहा मिळतात. पनीर आणि शेंगदाणे प्रोटीनचे म्हणून खाताना त्यांतली चरबी विसरू नये. वीस ग्रॅम प्रोटीनसाठी ऐंशी ग्रॅम शेंगदाणे खाल्ले तर सोबत साडेचारशे कॅलरी येतात. कडधान्य एकदम वाढवले की पोट फुगते आणि चार दिवसांत बेत मोडतो. आठवड्याआड थोडे वाढवावे, भिजवलेले पाणी टाकावे, मोड आणावेत. भिजवण्याने आणि मोड आणण्याने लोह अडवणारे फायटेट कमी होऊन लोह अधिक शोषले जाते. मोड कच्चे खाण्यापेक्षा वाफवलेले सुरक्षित, विशेषतः उन्हाळ्यात.

सामिष घरांचा गैरसमज उलटा असतो. रविवारी किलोभर मटण आणले, पाच-सहा जण जेवले, हाडे वजा जाता माणशी शंभर ग्रॅम मांस आले, तर वीस ग्रॅम प्रोटीन मिळाले. ते त्या दिवसाचे. चरबीसारखा प्रोटीनचा साठा शरीर करून ठेवत नाही. रविवारच्या रश्श्यावर शुक्रवार निघत नाही. सोमवार ते शनिवार ही घरे शाकाहारीच असतात, आणि ‘आपण खाणारे’ म्हणून त्यांच्याकडची डाळ अधिकच पातळ असते.

तरीही त्या रश्श्यातली एक गोष्ट शरीर साठवून ठेवत होते, आणि ती प्रोटीन नव्हती. लिहिणाऱ्याच्या घरातला अनुभव याच ठिकाणचा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना मधुमेह होता, पुढे हृदयाचेही दुखणे निघाले. डॉक्टरांनी चरबीचे मटण आणि तळलेले कमी करा म्हटले, घराने ‘बंद’ असे ऐकले. मटणाबरोबर अंडी गेली, मासे गेले. दुधाने कफ होतो म्हणून दूध चहापुरते उरले. प्रोटीनची काळजी मात्र चोख घेतली गेली. वरण घट्ट झाले, सकाळी मुगाचे धिरडे आले, रात्री उसळ आली. काही वर्षे सारे ठीक होते. मग तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, विसराळूपणाही वाढला. घराबाहेर पडताना एका पायातली चप्पल उंबऱ्यापाशीच निसटून राहायची आणि ते अनवाणी पायाने कोपऱ्यापर्यंत चालत जायचे. चप्पल गेल्याचे पायाला कळतच नव्हते. सर्वांनी ते मधुमेहाच्या खात्यावर टाकले. हिमोग्लोबिन चांगले होते, म्हणून अशक्तपणाकडे कोणी पाहिले नाही. अखेर रक्तातले बी-१२ तपासले तेव्हा ते अगदी तळाला गेलेले निघाले. इंजेक्शनांनी मुंग्या आणि विसराळूपणा उतरला. तळव्यांचा बधिरपणा काही अंशी कायमचा राहिला.

या घटनेतला प्रत्येक दुवा पाठ्यपुस्तकात सापडतो. बी-१२ जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि ते प्राणिज अन्नातूनच भरवशाने मिळते. डाळी, भाज्या, कडधान्ये, सुकामेवा यांत ते नसते. रोजची गरज दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम इतकी थोडी, आणि यकृतात साठा काही वर्षे पुरेल एवढा. म्हणूनच सोडल्यावर लगेच काही होत नाही, आणि त्रास सुरू होतो तेव्हा त्याचा संबंध सोडलेल्या ताटाशी कोणी लावत नाही. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतली तर बी-१२ चे शोषण घटते. आम्लपित्तावरच्या रोजच्या गोळ्यांनीही घटते. डाळी आणि पालेभाज्यांत फोलेट भरपूर असते. ते रक्तातला दोष झाकते, पण नसांची हानी थांबवत नाही. त्यामुळे उत्तम शाकाहार करणाऱ्याचे हिमोग्लोबिन चांगले आणि नसा मात्र खराब, असे होऊ शकते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळले. शाकाहाऱ्यांत धोका कितीतरी अधिक होता.

म्हणून दोन्ही पारड्यांत प्रोटीन सारखे घातले तरी निवड पूर्ण होत नाही. त्याच्यासोबत ताटात काय येते तेही पाहावे लागते. मांसाबरोबर बी-१२, जस्त आणि सहज शोषले जाणारे लोह येते, तशी संपृक्त चरबीही येते. डाळीबरोबर तंतू आणि फोलेट येते, बी-१२ येत नाही, आणि लोह येते पण शरीर त्यातले थोडेच घेते. उसळीवर पिळलेले लिंबू हे शोषण वाढवते, जेवणावरचा लगेचचा चहा कमी करतो. मटण सोडणाऱ्याने अंडी किंवा मासे ठेवले तर प्रश्न बराचसा सुटतो. तेही नको असतील तर रोज अर्धा लिटर दूध किंवा तेवढे दही हवे; शंभर मिलिलिटर दुधात बी-१२ अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आतच असते. आणंदची सहकारी चळवळ १९४६ साली बडोद्याच्या शेजारीच उभी राहिली, दूध इथे दारात येते, तरी म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला ते चहापुरतेच येताना दिसते. दूधही न घेणाऱ्याला बी-१२ ची गोळी घ्यावीच लागते. पन्नाशीनंतर, मेटफॉर्मिन चालू असेल तर त्याआधीही, वर्षातून एकदा बी-१२ तपासणे शहाणपणाचे.

मांस ठेवणाऱ्यांनी काय ठेवावे हेही सारखे नसते. मासे आणि कोंबडी बोकडाच्या चरबीपेक्षा बरी. सॉसेज, सलामी यांसारखे प्रक्रिया केलेले मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे, आणि बोकड-मेंढीचे लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातले आहे. सुके बोंबील प्रोटीनने भरलेले असतात, पण मिठानेही. रक्तदाब असलेल्या घरात ते चवीपुरतेच. गाऊटच्या रुग्णाने कलेजी, भेजा आणि कोळंबी टाळावी. डाळी त्यामानाने कमी त्रासाच्या असतात, त्या सरसकट बंद करण्याची चाल उगाच पडली आहे.

तरुणांचे प्रकरण वेगळे, पण त्याचे मूळ एका जुन्या हिशेबात सापडते. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे जागतिक अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचे संचालक होते. गरिबांच्या आहारात प्रोटीनची तूट दिसते ती मुख्यतः पोटभर अन्न नसल्यामुळे, असे त्यांनी आकड्यांनी मांडले. कॅलरी अपुऱ्या पडल्या की शरीर प्रोटीनच इंधन म्हणून जाळते. पोळी-भात बंद करून केवळ पावडर पिणारा जिमचा मुलगा पैसे देऊन तेच करत असतो. मे २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रोटीन पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला आहे. व्यायाम करणाऱ्याला प्रोटीन जास्त लागते हे खरे, पण दोन अंडी, पेलाभर दूध आणि घट्ट उसळ यांनी ते भागते.

म्हाताऱ्या माणसांना किलोला एक ते सव्वा ग्रॅम द्यावे, असे आता बरेच तज्ज्ञ मानतात. दात नसल्यामुळे त्यांचे ताट मऊ भाताकडे सरकते आणि प्रोटीन सगळ्यांत आधी गळते. मुगाची खिचडी डाळ अर्धी धरून करावी, दुपारी दही, रात्री दूध. एकाच जेवणात सगळे कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळांत वाटलेले बरे लागू पडते.

मूत्रपिंड बिघडले असेल तर वरचे कोणतेही आकडे लागू होत नाहीत. डायलिसिसपूर्वी प्रोटीन मोजून कमी केले जाते, साधारण किलोला ०.६ ते ०.८ ग्रॅमपर्यंत, आणि ते किती हे डॉक्टरांनीच ठरवायचे. डायलिसिस सुरू झाल्यावर गरज उलट वाढते, कारण त्या प्रक्रियेत प्रोटीन वाहून जाते. घरात मात्र जुनेच पथ्य चालू राहते, डाळ बंद ती बंदच. अशा वेळी आहाराचा तक्ता नव्याने करून घ्यावा लागतो, आणि त्यात अंड्यातला पांढरा भाग बहुतेक वेळा परत येतो. शाकाहारी घरात त्याची जागा पनीर घेते.