जुन्या सर्व्हरवरून नव्यावर: फाइली आणि मेल कशी न्यावी?

समजा, महाविद्यालयाचा जुना सर्व्हर बंद होणार आहे. त्यावर प्रत्येकाचा फोल्डर आहे, कित्येक वर्षांची मेल आहे आणि जुन्या अंकांसाठी आलेल्या कविता-कथाही आहेत, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. मग हे घर हलवायचं कसं?

१. आधी यादी. खाती किती, कोणाचं किती सामान, मेल कुठे साठते हे लिहून काढा. जे पॉप पद्धतीने मेल वाचतात, त्यांची पत्रं बहुधा त्यांच्याच संगणकावर उतरलेली असतात. ती सर्व्हरवर शोधून सापडणार नाहीत.

२. फाइली. लिनक्स फाइलीचा मालक नावाने नव्हे, आकड्याने ओळखतो. जुन्या सर्व्हरवर तुमचा आकडा 1001 आहे. नव्यावर तुमचं खातं अजून उघडलेलं नाही आणि तिथे 1001 दुसऱ्याच कोणाचा आहे. अशा वेळी नक्कल केली, तर तुमच्या फाइली त्याच्या मालकीच्या होतात! म्हणून खाती आधी उघडायची, शक्यतो तेच आकडे देऊन. नक्कल करायला आरसिंक चांगलं. पहिल्या फेरीत ते सगळं नेतं, पुढच्या फेरीत फक्त बदललेलं. त्यामुळे मोठी फेरी आधीच उरकून घेता येते आणि शेवटच्या रात्री थोडंच काम उरतं.

३. मेल. एमबॉक्स पद्धतीत एका फोल्डरची सगळी पत्रं एकाच फाइलीत, एकापाठोपाठ एक असतात. नक्कल चालू असताना नवं पत्र आलं तर प्रत बिघडू शकते, म्हणून तेवढा वेळ मेल थांबवा. मेलडिर पद्धतीत प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते आणि पत्र वाचलं की नाही याची खूण फाइलीच्या नावातच असते, तेव्हा नावांना हात लावू नका. दोन्हीकडची पद्धत वेगळी असेल तर आयमॅपसिंक वापरा.

४. पत्ता. मेल कुठे पोचवायची हे डीएनएसमधली एमएक्स नोंद सांगते. तिची मुदत 86400 सेकंद, म्हणजे एक दिवस असेल, तर बदलाच्या दोन दिवस आधी ती 300 करा. मधे सर्व्हर काही तास बंद राहिला तरी घाबरू नका. पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, सहसा काही दिवस.

५. तपासणी. फाइलींची संख्या जुळली म्हणजे झालं, असं नाही. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर नव्या यंत्रावर अगदी अचूक पोचतो, पण फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसती निरर्थक अक्षरं दिसतात. तो फॉन्टही सोबत न्या आणि जुनं यंत्र चालू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या. नंतर तो वाचून दाखवणारं कोणी मिळेलच असं नाही.

जुना सर्व्हर निदान महिनाभर पुसू नका.

करून पाहा: तुमच्या सर्वांत जुन्या तीन मराठी फाइली आजच्या संगणकावर उघडा. किती वाचता येतात?