बीजवाहिनी : चित्रात दिसणारी व न दिसणारी

नवीन पनवेल येथील आमच्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागाबाहेर हातात लिफाफा घेऊन बसलेली दांपत्ये आम्ही नेहमी पाहतो. पनवेल, उरण, कर्जत, खालापूर परिसरातून आलेल्या या कुटुंबांचा प्रश्न बहुधा एकच असतो, "नळी उघडी आहे ना?" आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, जमाखर्च हा आमचा प्रांत. तरीही तज्ज्ञ डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते हितचिंतकांपुढे व रुग्णांच्या आप्तांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक बीजवाहिनी असते. इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ फालोप्पिओ यांनी १५६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे वर्णन केले व तिला तुतारीची उपमा दिली. त्यांच्यावरूनच फॅलोपियन ट्यूब हे नाव रूढ झाले. तिची लांबी सुमारे १० ते १२ सेंटिमीटर. तिचा पहिला भाग गर्भाशयाच्या भिंतीतून जाणारा व अतिशय अरुंद; दुसरा दोऱ्यासारखा बारीक; तिसरा रुंद व नागमोडी, जेथे स्त्रीबीज व शुक्रजंतू यांचे मीलन होते; आणि चौथे झालरीसारखे मुख, जे बीजकोशातून सुटलेले बीज टिपून घेते.

निरोगी बीजवाहिनी साध्या सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. त्यामुळे अहवालात तिचा उल्लेख नसल्यास घाबरू नये. उलट ती ठळक दिसली, तर आत पाणी साचल्याची शंका घेतली जाते. मात्र न दिसणारी नळी उघडीच असेल, असेही नाही. त्यासाठी पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, साधारणतः सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, एच.एस.जी. तपासणी करतात. गर्भाशयात सोडलेला विशेष द्रव क्ष-किरण चित्रात पांढरा उमटतो. दोन्ही बाजूंस बारीक रेषा, पुढे रुंदावणारी नळी व शेवटी ओटीपोटात मोकळेपणाने पसरलेला द्रव, हे निरोगी चित्र होय. क्षयरोगाने ग्रासलेली नळी कधी मण्यांच्या माळेसारखी दिसते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तपासणीच्या वेळी स्नायू आकुंचन पावल्यास उघडी नळीही बंद भासते. म्हणून एका चित्रावरून अंतिम निर्णय करू नये. तसेच बीज पुढे नेणारे नळीतील सूक्ष्म केस या चित्रात दिसत नाहीत. म्हणजे नळी उघडी असली तरी ती आपले कार्य नीट करीतच आहे, असे केवळ चित्रावरून म्हणता येत नाही.

आणि नळी खरोखर बंद असली तरी वाट संपत नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी हर्षाचा जन्म झाला. या पद्धतीत बीजाचे फलन नळीबाहेर, प्रयोगशाळेत होते.

शेवटी आप्तजनांना एकच विनंती. अपत्य न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते आणि त्याची प्राथमिक तपासणी सोपी असते. तेव्हा सुनेच्या हाती लिफाफा देण्यापूर्वी मुलाचीही तपासणी करून घ्यावी. चित्र नळीचे असते. ते कोणाच्या दोषाचे नसते.